तीन मतांनी निवडून आलेले दादाभाई



निवडणूक जवळ आली की आपल्या गणेशोत्सवाला आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला पाहुण्यांची गर्दी वाढते, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पाहुणे कपाळाला टिळा लावून घेतात, मोदक खातात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि पुढच्या कार्यक्रमाला जातात. एकाच पक्षाचे येतात असेही नाही, सगळेच येतात. त्यात वाईट काही नाही. घरी आलेल्याचे स्वागत करण्याची आपली रीतच आहे. पण त्याच पक्षांच्या उमेदवारांच्या यादीत आपल्यासारखी माणसे किती असतात आणि ती जिंकण्याजोग्या जागेवर असतात की हरण्याजोग्या, हे आपण मोदकाचे ताट पुढे करताना सहसा विचारत नाही.

हा प्रश्न नवा नाही. याच लंडन शहरात मुंबईच्या एका माजी प्राध्यापकाने तो १८८६ पासून १९०६ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिला. त्यांचे नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. भारताचे पितामह कोण? दादाभाई नौरोजी. एका मार्काचा प्रश्न, रिकामी जागा भरून आपण पुढे गेलो. त्या रिकाम्या जागेत किती मोठी गोष्ट दडली आहे, हे आम्हाला तरी इंग्लंडात राहायला लागल्यावरच कळले.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. चार वर्षांचे असतानाच वडील गेले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दादाभाई इतके चमकले, की सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवायचे ठरवले. निम्मा खर्च ते स्वतः देणार होते, उरलेला निम्मा पारशी समाजाने द्यावा अशी त्यांची अट होती. समाजातल्या वडीलधाऱ्यांना मात्र भीती वाटली की मुलगा तिकडे जाऊन धर्म बदलेल. बेत फिसकटला. बॅरिस्टर होण्याऐवजी ते मास्तर झाले, आणि पुढे त्याच एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञानाचे पहिले भारतीय प्राध्यापक झाले.

दादाभाई काही मराठी नव्हते, त्यांची भाषा गुजराती. पण आपल्याला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटावा असे पुष्कळ आहे. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८ साली जी ज्ञानप्रसाराची सभा काढली, तिच्यात दादाभाई होते आणि डॉ. भाऊ दाजी लाडही होते. या सभेने १८४९ मध्ये मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा सुरू केल्या. नाना शंकरशेट यांनी मराठी मुलींच्या शाळेला आधार दिला. हे तरुण मास्तर पगार न घेता सकाळी शिकवायला जात. लोकांच्या मनातली अढी काढायची तर त्यांच्या दारात जावे लागते, हे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले असावे, असे आम्हाला वाटते. पुढे क्लार्कनवेलमध्ये ते कामी आले.

१८५५ साली कामा कुटुंबाच्या पेढीत भागीदार म्हणून ते इंग्लंडला आले. इंग्लंडमधली ही पहिली भारतीय व्यापारी पेढी. तिचा काही व्यापार मनाला पटेना, म्हणून त्यांनी पेढी सोडली आणि कापसाचा स्वतःचा धंदा काढला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापकही झाले. १८६६ साली त्यांनी ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली आणि त्याच सुमारास ती प्रसिद्ध आकडेमोड सुरू केली. सरकारच्याच कागदपत्रांवरून हिशोब मांडून त्यांनी दाखवले की भारतातल्या माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये आहे आणि दरवर्षी देशाची संपत्ती इंग्लंडकडे वाहते आहे. मधल्या काळात बडोद्याची दिवाणगिरीही थोडे दिवस केली. तो भाग आम्ही सोडून देतो, कारण आज सांगायची गोष्ट वेगळी आहे.

वर्षानुवर्षे अर्ज, निवेदने, भाषणे आणि आकडे देऊन दादाभाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. भारताचे निर्णय वेस्टमिन्स्टरमध्ये होतात, आणि तिथे भारताच्या बाजूने बोलणारे सगळे भले लोक शेवटी इंग्रजच असतात. कितीही सहानुभूती असली तरी ती दुसऱ्याची. मग आपणच तिथे जाऊन का बसू नये? ब्रिटिश प्रजाजन म्हणून उभे राहण्याचा हक्क कागदावर होताच. त्यांच्या आधी लालमोहन घोष या बंगाली बॅरिस्टरांनी लंडनच्या डेप्टफर्डमधून लिबरल पक्षातर्फे प्रयत्न केला होता. ते पडले होते.

१८८६ च्या वसंतात दादाभाई पुन्हा लंडनला आले, तेव्हा वय साठीच्या पुढे होते. निवडणूक जुलैत होती. लिबरल पक्षाने त्यांना होबर्नची जागा दिली. मंडळी, इथे थोडे थांबू या. होबर्न हा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा भक्कम गड होता. तिथे लिबरल माणूस निवडून येण्याची आशा फारशी कोणालाच नव्हती. म्हणजे जागा दिली, पण कोणती? निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला: कर्नल डंकन ३,६५१, दादाभाई १,९५०. हितचिंतकांनी सल्ला दिला होता की पारशी पगडी मतदारांना विचित्र वाटेल, इंग्रजी हॅट घाला. दादाभाईंनी तो सल्ला मानला. आज वाचताना थोडे टोचते. पण नोकरीच्या मुलाखतीला जाताना आपण स्वतः नाव सोपे करून सांगतो की नाही, ते आठवले की दादाभाईंना नावे ठेवण्याचे धाडस होत नाही.

नोव्हेंबर १८८८ मध्ये ते होबर्नचे कर्नल वारले आणि पोटनिवडणूक झाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जागा राखली, पण मताधिक्य घटले. पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी एडिंबरोच्या जाहीर सभेत त्याचे कारण सांगितले. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की मागच्या वेळी मताधिक्य मोठे होते कारण समोर एक काळा माणूस होता; आणि आपण पूर्वग्रहांच्या कितीही पुढे गेलो असलो तरी इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील इतके पुढे अजून गेलेलो नाही. सभेत हशा पिकला.

देशाच्या पंतप्रधानाने, पक्षाच्या व्यासपीठावरून. त्याचा परिणाम मात्र सॉल्झबरींना नको होता तसा झाला. ज्यांना दादाभाईंचे नाव धड उच्चारता येत नव्हते, त्यांच्याही घरात ते एका रात्रीत पोहोचले. ग्लॅडस्टन यांच्यासह लिबरल पुढाऱ्यांनी पंतप्रधानांवर टीकेची झोड उठवली आणि जानेवारी १८८९ मध्ये नॅशनल लिबरल क्लबने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. सॉल्झबरींना पुढे सारवासारव करावी लागली.

या साऱ्या गदारोळात दादाभाईंच्या बाजूने एक मुद्दा हिरिरीने मांडला गेला: दादाभाई काळे नाहीतच, ते तर सॉल्झबरींपेक्षाही गोरे आहेत. व्यंगचित्रकारांनाही हा विषय फार आवडला. खरे सांगायचे तर हा बचाव वाचताना आम्हाला संकोच वाटतो. दादाभाई वर्णाने सावळे असते तर त्यांना संसदेत जाण्याचा हक्क नसता काय? आपल्या समाजातही गोऱ्या रंगाचे कौतुक काही कमी नाही, वधू-वर मेळाव्याचे अर्ज चाळले की समजते. पुढे आफ्रिकी वंशाच्या लोकांची पॅन-आफ्रिकन परिषद १९०० साली लंडनमध्ये भरली, तेव्हा दादाभाईंनी तिला पैशाची मदत केली. स्वतःचा रंग उजळ असल्याचे सांगून सुटका करून घेणाऱ्यांपैकी ते नव्हते.

आता खरी मजा पाहा. ज्या लिबरल पक्षाने मेजवानी दिली, त्याच पक्षात दादाभाईंची उमेदवारी तेव्हा लोंबकळत होती. १८८८ च्या उन्हाळ्यात सेंट्रल फिन्सबरी या मतदारसंघाच्या लिबरल सभेने मतदान घेऊन त्यांना उमेदवार म्हणून निवडले होते. पण पराभूत इच्छुकाच्या लोकांनी निवडीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. एक इच्छुक बाजूला झाला तर दुसरा पुढे आला. लवादाच्या गोष्टी झाल्या आणि मोडल्या. पक्षाचा कारभार पाहणाऱ्या वरच्या मंडळींनी दादाभाईंच्या पाठीशी ठाम उभे राहण्याचे टाळले. ही जागा होबर्नसारखी नव्हती, ही जिंकता येण्याजोगी होती. आमच्या मते घोडे तिथेच पेंड खात होते. भारतीय पाहुण्याला मेजवानी देण्याने पक्षाचे काही जात नव्हते, जिंकणारी जागा देण्याने जात होते.

दादाभाईंनी केले एवढेच, की ते हटले नाहीत. सभेने मला रीतसर निवडले आहे, ही एकच गोष्ट ते चार वर्षे न चिडता सांगत राहिले. दुसऱ्या लिबरल इच्छुकाने माघार घेतली ती अगदी १८९२ ची निवडणूक तोंडावर आल्यावर.

या चार वर्षांत दादाभाई रुसून घरी बसले नव्हते. क्लार्कनवेल हा घड्याळजी, दागिन्यांचे कारागीर, छापखान्यातले कामगार यांचा भाग. साठी ओलांडलेला हा मुंबईकर तिथल्या क्लबांत, सभांत, गल्ल्यांत फिरत राहिला. भारताच्या दारिद्र्याची आकडेवारी तिथल्या कामगाराला पाठ व्हावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती. ते कामाच्या तासांविषयी बोलत, लंडनच्या कारभाराविषयी बोलत, आयर्लंडच्या स्वराज्याविषयी आणि स्त्रियांच्या मताधिकाराविषयी बोलत. त्यामुळे त्यांच्या मागे उभे राहणारे लोक निरनिराळ्या दिशांनी आले: आयरिश, मजूर चळवळीतले, मताधिकारासाठी झगडणाऱ्या बाया, दारूबंदीवाले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही त्यांना पाठिंबा दिला. आयरिश माणसाला स्वराज्य का हवे, हे भारतीय माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याने ते आयरिश माणसाला जाऊन सांगावे लागते. दादाभाईंनी ते केले.

जुलै १८९२ मध्ये मतमोजणी झाली. दादाभाई २,९५९, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कॅप्टन पेंटन २,९५६. तीन मते! पेंटन यांनी निकालाला हरकत घेतली, पण जागा दादाभाईंकडेच राहिली. नौरोजी या नावाची मोडतोड करून विनोदी लोकांनी त्यांना नॅरो-मेजॉरिटी म्हणायला सुरुवात केली. ज्या तिघांमुळे हे घडले ते कोण होते, हे कोणालाच कधी कळणार नाही. एखादा घड्याळजी दुपारी कंटाळा करून घरीच राहिला असता तर?

खासदारकीची शपथ त्यांनी बायबलवर घेतली नाही, पारशी धर्मग्रंथ अवेस्तावर घेतली. हे किरकोळ वाटू नये. लिओनेल द रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ साली निवडून आले होते, पण ख्रिस्ती पद्धतीची शपथ घेणे नाकारल्यामुळे त्यांना सभागृहात बसायला १८५८ साल उजाडावे लागले. दादाभाईंसाठी ते दार आधीच कोणीतरी उघडून ठेवले होते.

संसदेतली त्यांची तीन वर्षे म्हणजे एका खासदाराच्या दोन मतदारसंघांची कसरत. एक फिन्सबरीचा, दुसरा कोट्यवधी लोकांचा, ज्यांना मतच नव्हते. भारतीय प्रश्नांत रस घेणाऱ्या खासदारांची समिती त्यांनी वेडरबर्न प्रभृतींच्या साथीने १८९३ मध्ये उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्यावी असा ठराव कॉमन्स सभागृहात ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. आता वाटेल, काम झाले. पण सरकार होते लिबरल पक्षाचे, ग्लॅडस्टन यांचे, आणि त्या सरकारने तो ठराव अमलात आणलाच नाही. भारतात अधिकाऱ्यांनी विरोध केला आणि ठराव कागदावर राहिला. आपल्या पक्षाचे सरकार आणि आपले काम यांत किती अंतर असते, ते दादाभाईंना तेव्हा पुरते कळले असणार. तरी डिसेंबर १८९३ मध्ये लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते भारतात आले, तेव्हा मुंबईत लोक रस्तोरस्ती लोटले होते.

१८९५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाची देशभर धूळधाण झाली, त्यात दादाभाईही पडले. फिन्सबरीपेक्षा भारतातच त्यांचे लक्ष अधिक, असा प्रचार विरोधकांनी केला होता. आरोप अगदीच निराधार होता असे आम्हाला म्हणवत नाही, पण त्या वर्षी लिबरल म्हणून उभ्या राहिलेल्या पुष्कळ इंग्रजांचीही तीच गत झाली.

आणि त्याच निवडणुकीत एक चमत्कार घडला. लंडनच्या बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून दुसरे एक मुंबईकर पारशी निवडून आले, मंचरजी भावनगरी. पक्ष कोणता? कॉन्झर्व्हेटिव्ह. पक्षाचे नेते कोण? तेच लॉर्ड सॉल्झबरी. इंग्रज मतदार ज्याला निवडून देणार नाहीत म्हणून सात वर्षांपूर्वी हशा पिकवला होता, तशाच माणसाला त्यांच्याच पक्षाने तिकीट दिले, आणि तो १६० मतांनी जिंकला. मनपरिवर्तन झाले होते काय? थोडेफार झालेही असेल. पण भावनगरी काँग्रेसच्या विरोधातले, साम्राज्याचे खंदे समर्थक होते. भारतीय माणूसच काँग्रेसला खोडून काढतो आहे, याची किंमत पक्षाला चांगलीच कळली होती. भारतातल्या राष्ट्रवादी मंडळींनी त्यांची मनसोक्त टिंगल केली.

भावनगरींना नुसते बाहुले म्हणून मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांच्या हक्कांसाठी ते संसदेत सतत बोलले. तिकडून गांधीजी दादाभाईंना पत्रे लिहीत तशी भावनगरींनाही लिहीत, आणि या प्रश्नावर दोघे पारशी, पक्ष वेगळे असूनही, एकाच बाजूला होते. दुसरीकडे, बेथनल ग्रीनमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू लोकांविरुद्ध वातावरण तापले, तेव्हा स्थलांतरितांवर निर्बंध घालावेत म्हणणाऱ्या खासदारांत हेच भावनगरी होते. समुद्र ओलांडून आलेला माणूस मागून येणाऱ्यासाठी दार लावून घ्यायला निघाला. हे आपल्यातही घडते. कोणाचे नाव घ्यायला नको.

संसद सुटल्यावर दादाभाई सत्तरीत होते, पण थांबले नाहीत. भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य होते. १८९७ साली याच आयोगापुढे साक्ष द्यायला आपले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला आले. १९०१ मध्ये भारताच्या दारिद्र्यावरचा दादाभाईंचा मोठा ग्रंथ निघाला. १९०४ साली ॲमस्टरडॅमच्या समाजवादी परिषदेत ते बोलायला उभे राहिले, तेव्हा देशोदेशीचे प्रतिनिधी त्यांच्या सन्मानार्थ उठून उभे राहिले.

१९०६ च्या जानेवारीत, ऐंशी वर्षांचे असताना, ते शेवटचे निवडणुकीला उभे राहिले ते नॉर्थ लॅम्बेथमधून. लिबरल पक्षाची लाट होती. पण पक्षाचा अधिकृत उमेदवार दुसराच होता. दादाभाई स्वतंत्र लिबरल म्हणून लढले आणि तिसरे आले. सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी मेजवानी झडली, त्यांच्यासाठी त्या प्रचंड विजयाच्या वर्षी एक जागा निघाली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्याला काँग्रेस भरली. टिळकांचे जहाल आणि गोखल्यांचे मवाळ यांच्यात फूट पडण्याची वेळ आली होती. अध्यक्ष म्हणून दोन्ही बाजूंना चालेल असे नाव एकच होते. त्या अध्यक्षपदावरून दादाभाईंनी स्वराज्याची मागणी केली. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर जन्मभर विश्वास ठेवलेल्या माणसाने ही मागणी करावी, यात लॅम्बेथच्या त्या थंड जानेवारीचा काही वाटा असेल काय, असे आमच्या मनात येते. पुढे १९१८ साली टिळक खटल्यासाठी लंडनला आले तेव्हा त्यांनी लिबरलांऐवजी मजूर पक्षाशी संबंध जोडले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थमधून निवडून आले आणि पुढे कम्युनिस्ट म्हणून १९२९ पर्यंत टिकले. तेही मुंबईचे, तेही पारशी! मग फार मोठी शांतता. गोव्याच्या कुटुंबातले कीथ वाझ लेस्टरमधून निवडून आले ते १९८७ साली.

दादाभाई १९०७ मध्ये मायदेशी परतले आणि वेसाव्याला समुद्राकाठी राहू लागले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ९१. त्यांच्या नाती पेरीन, गोशी आणि खुर्शेद पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरल्या.

लंडनमध्ये राहणाऱ्या किंवा येणाऱ्या मंडळींसाठी एक सूचना. क्लार्कनवेलमध्ये नौरोजी स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता आहे, आणि रोझबरी ॲव्हेन्यूवरच्या फिन्सबरी टाउन हॉलवर दादाभाईंच्या नावाची पाटी आहे. दोन्ही ठिकाणे एका फेरीत पायी पाहून होतात. दक्षिण लंडनमध्ये ॲनर्ली पार्क येथील ७२ क्रमांकाच्या घरावर, जिथे ते काही वर्षे राहिले, ऑगस्ट २०२२ मध्ये निळी पाटी लागली आहे. मुलांना जरूर घेऊन जा. पाटीवरचे नाव त्यांना वाचायला लावा, आणि मग मतांचा तो आकडा सांगा.